केळीवाल्याच्या आवाजाबाबत

देवपूर, धुळे
सोमवार, भर दुपार

व्याहीबुवा श्री. रतिलालभाऊ,

देवपूरहून गिरधरचा नमस्कार घ्यावा. विहीणबाई सौ. रत्नावहिनींनाही सांगावा, मात्र पत्र वाचून झाल्यावर सांगावा, आधी नको. तुमची शुगर काय म्हणते? आंब्याचे दिवस आहेत, जपून असावं. वहिनींचा गुडघा कसा आहे? (काल थिएटरात त्या ज्या चपळाईने तीन खुर्च्या ओलांडून गेल्या त्यावरून ऑपरेशन चांगलंच झालं म्हणायचं.) हे सगळं कालच समोरासमोर विचारता आलं असतं, पण काल कोणाला कोणाचं काही ऐकूच येत नव्हतं. हे पत्र त्याबद्दलच आहे. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, म्हणून. मागे मी सूनबाईंच्या, म्हणजे तुमच्याच मुलीच्या, वरणाबद्दल एक सौम्य मत दिलं होतं. त्यावर तुमच्या भांड्यांच्या दुकानात पातेलं घ्यायला आलेल्या कुठल्याशा बाईंनी मला तिकडून उत्तर दिलं. पत्राला स्पीकर नसतो. आणि पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, हा दुसरा फायदा. टपालात टाकलं तर हे पोचेपर्यंत गुरुवार उलटेल आणि गुरुवार उलटला की सगळंच संपलं. म्हणून स्टँडवर जाऊन जळगाव गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो तरी एवढी ओळख शिल्लक आहे. सूनबाईंना पत्र दाखवलेलं नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. कारण तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्याला सांगितली की ती बदलते. माझी धाकटी बहीण भिकुबाई, धरणगावजवळच्या खेड्यात दिली. तिचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा भटू. भटू मुंबईला गेला आणि तिथे एका स्टुडिओत त्याला असं काम मिळालं की ते काम असतं हेच मला दोन वर्षं पटलं नाही. सिनेमात बाजार असतो, लग्न असतं, स्टेशन असतं, तिथल्या गर्दीचा गलका खरा नसतो म्हणे. काचेच्या खोलीत चार-पाच जण उभे राहून तो तोंडाने करतात. भटू त्यातला एक. त्याने मारामाऱ्या केल्या, मोर्चे काढले, एका लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्हीकडून तोच भांडला. (स्वतःचं लग्न ठरायचं होतं. दोन स्थळं तुम्हीच आणली होती.) भिकूला गावात कोणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ती सांगायची, गर्दी करतो. लोकांना वाटायचं बाई खुळी आहे.

गेल्या दिवाळीत तो सुट्टीवर आला होता. भाऊबीजेला भिकू आणि तो आमच्याकडे आले. फराळ करता करता भटू मला म्हणाला, मामा, या वेळच्या पिच्चरमध्ये मी एकटा आहे. म्हणजे तोंड दिसणार नाही, पण आरोळी एकट्याची. मध्यंतर झालं की नायिका गाडीतून स्टेशनवर उतरते, गर्दीचा आवाज क्षणभर खाली जातो आणि एक केळीवाला ओरडतो, "केळी घ्या केळी, सावद्याची केळी!" तो मी. तेव्हा डोळे मिटून घ्या म्हणाला, पडद्याकडे पाहिलं की कान काम करत नाहीत. मी त्याला म्हटलं, आपल्या सात पिढ्यांत कपाशीशिवाय कोणी काही पेरलं नाही आणि तू केळी काय विकतोस? तो हसला. दुसऱ्या दिवशी ती दोघं गावी गेली. तिसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर एरंडोलकडे निघाला होता, वाटेत ट्रकने उडवला. त्याबद्दल याच्या पुढे लिहीत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर भिकूला आम्ही देवपूरला घेऊन आलो. ती काम करते, जेवते, विचारलं तर बोलते. एकदा नवलला (तुमच्या जावयाला) म्हणाली, तुझ्या मोबाईलात भटूचा आवाज आहे का? नवलने शोध शोध शोधलं. व्हिडिओ ढीगभर निघाले, पण सगळे लग्नांतले. आता आपल्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेत, हळदीपासून डीजे. प्रत्येक व्हिडिओत भटू तोंड हलवतोय, हसतोय, कोणाला तरी हाका मारतोय, आणि ऐकू येतो तो डीजे. नवलच्या लग्नातही तसंच. (डीजे तुमच्या बाजूचा होता, आता हे उकरून काढत नाही.) त्याचा स्वतःचा मोबाईल रस्त्यावरच फुटला. भिकूकडे बटणांचा फोन, त्यात आवाज येतो आणि जातो, राहत नाही. म्हणजे ज्या पोराने पोटासाठी नुसता आवाज विकला, त्याचा आवाज आख्ख्या गोतावळ्यात कोणाकडे नाही. तेवढी ती एक केळीवाल्याची आरोळी. पिच्चर छोटा, मोबाईलवर तो कधी येईल की येणारच नाही, कोणी सांगत नाही. पिच्चरचं नाव मी लिहीत नाही, भिकूलाही ते पाठ नाही. ती "भटूना पिच्चर" म्हणते.

तर असा तो पिच्चर दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, धुळ्यात लागला आणि आम्ही तिघं, म्हणजे भिकू, मी आणि आमची सौ. कोकिळा, त्या रविवारी संध्याकाळी गेलो. मॉलमधलं थिएटर. मी टॉकीजमध्ये शेवटचा गेलो तेव्हा तिकीट खिडकीवर मिळायचं आणि खिडकीतल्या माणसाशी भांडता यायचं. आता नवलने मोबाईलवर काढलं. तिघांच्या तिकिटांच्या किमतीत घरचा महिन्याचा गॅस आला असता. त्यावर आणखी एक आकार होता, विचारलं तर म्हणाला सोयीचा आकार. सोय कोणाची म्हटलं, तर त्याला सांगता आलं नाही. दारात एकाने भिकूची पिशवी तपासली. दशम्या काढून ठेवल्या, पाण्याची बाटली काढून ठेवली. मग हाताला भटूचा राखाडी मफलर लागला. मे महिन्यात धुळ्यात मफलर पाहून तो बिचारा बराच वेळ भिकूच्या तोंडाकडे पाहत होता, पण मफलर खाण्याची वस्तू नसल्यामुळे सोडला. भिकूने त्याला दशमी खायचा आग्रह केला. त्याने खाल्ली नाही. आत मक्याच्या लाह्यांचा एक डबा घेतला (कोकिळा म्हणाली, आलोच आहोत तर). त्या पैशात बाजार समितीत पंधरा-वीस किलो मका आला असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं पूर्वी म्हणायचे. इथे कोंबडीच नव्हती, नुसता मसाला आणि हवा.

खुर्च्या मोठ्या गुबगुबीत, पण उठलं की आपोआप मिटतात. भिकूचं वजन दिवाळीपासून इतकं उतरलंय की ती बसली तरी खुर्ची तिला घेऊन मिटायला लागली. शेवटी आमच्या सौभाग्यवतीने एका हाताने ती दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने लाह्या खाल्ल्या. पिच्चर बघायला आलेलं तिथे कोणी नव्हतं, रतिलालभाऊ. सगळे एसी खायला आलेले. बाहेर उन्हाने डांबर पाघळत होतं, त्यामुळे लोक पोराबाळांसकट, सासूसासऱ्यांसकट येऊन पसरले होते. मध्यंतर झालं आणि सगळं थिएटर उठून लाह्यांच्या रांगेत लागलं. पिच्चर सुरू झाला तरी परत येईनात. आणि नायिकेची गाडी स्टेशनात शिरली तेव्हा सगळे एकदमच आले. हातात ट्रे, ट्रेवर ग्लास, आमच्या गुडघ्यांवरून पाय टाकत, सांडत, माफी मागत. मी डोळे मिटून बसलेला. (एवढे पैसे मोजून डोळे मिटणारे त्या थिएटरात आम्ही तिघंच.) पुढच्या रांगेतल्या एकाचा फोन वाजला आणि त्याने तो उचलून सगळ्या खानदेशाला सांगितलं, "हा बोल, पिच्चरमा शे." बोल म्हणाला आणि मग स्वतःच बोलत राहिला. त्याचं ठिबकचं बिल अडकलं होतं. मी डोळे उघडले तेव्हा नायिका स्टेशनबाहेर रिक्षात बसली होती.

बाहेर आल्यावर भिकूला विचारलं, आलं का ऐकू? ती म्हणाली, "ऐकू नही उनं, भाऊ." मग मफलरची घडी घालत म्हणाली, "आठे गारठा भलता शे." मी म्हटलं, पुढच्या वेळी शाल घे.

पुढच्या वेळी बुधवारी सकाळच्या खेळाला गेलो. सकाळी कोण येणार? तिकीट थोडं स्वस्त, माणसं मोजकी. मला वाटलं जिंकलो. पण मागे एक गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते आणि त्यांनी हा पिच्चर आधी पाहिलेला होता. प्रत्येक प्रसंगाच्या आधी ते बायकोला पुढे काय होणार ते सांगत. ती बाई पिच्चरला आली होती की कीर्तनाला, कळेना. त्यांच्या पलीकडे एक जोडपं मोबाईलवर दुसरंच काहीतरी बघत होतं. पिच्चर चालू असताना, पैसे देऊन, मोबाईलवर, आवाज मोठा करून. मध्यंतर होईपर्यंत मी गप्प बसलो. मध्यंतर झाल्यावरही गप्प बसलो. नायिकेची गाडी दिसली तेव्हा मागून ते गृहस्थ म्हणाले, आता बघ, ही उतरते आणि हिची पेटी चोरीला जाते. एवढ्यात मोबाईलमधलं कोणीतरी खदाखदा हसलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि ज्या आवाजात आयुष्यभर स्टँडवर गाड्या लावल्या, त्या आवाजात म्हणालो की प्रवाशांनी कृपया शांतता राखावी, आपापली तोंडं बंद करावीत, इथे एक माय आपल्या पोराचा आवाज ऐकायला आलेली आहे. थिएटर एकदम चिडीचूप झालं. इतकं चूप, की माझंच शेवटचं वाक्य भिंतीवरून परत आलेलं मी ऐकलं. पडद्यावर नायिका रिक्षात बसत होती.

कोकिळा अजून म्हणते की केळीवाला तुम्ही बोलत असतानाच ओरडला. यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. लोकांनी वेळेवर गप्प बसायला हवं होतं. भिकूला विचारलं. तेच. "ऐकू नही उनं." शाल तिने पिशवीतून काढलीच नव्हती, मफलर मात्र मांडीवर पसरून ठेवला होता. गुरुवारी धुळ्यातून पिच्चर उतरला.

आणि आता तुमच्याकडे येतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं अशी आपल्यात म्हण आहे. (तुम्हाला उद्देशून नाही. म्हणी आपल्या आधीच्या आहेत.) नवलने तुम्हाला फोनवर हकीगत सांगितली आणि तुम्ही म्हणालात, काळजी सोडा, जळगावात दुसरा आठवडा आहे, थिएटरचे मॅनेजर हाशमभाई माझे दोस्त आहेत, आपण बाहेरचं माणूसच आत येऊ द्यायचं नाही. सगळं थिएटर आपलं. बाहेरचे नसले की आवाज करणार कोण? तुमचा हेतू चांगला होता हे मी कोर्टात सांगेन. तुम्ही दोन टेम्पो भरून भाऊबंद आणलेत, धरणगावहून भिकूची दीर-जाऊ मंडळी आणलीत, तिकिटं पदरची काढलीत, हे मी विसरणार नाही. पण दारातला तो फ्लेक्स, रतिलालभाऊ. वर लिहिलेलं, "खानदेशचा बुलंद आवाज कै. भटू यास भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली भटूचा फोटो, तो पासपोर्टएवढा. आणि बाजूला दुकानाच्या नावासकट, हात जोडून, तुमचा. तो दाराएवढा. भिकूच्या चुलत जावेने आधी तुमच्याच फोटोला हात जोडले, हे तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. तुम्ही नंतर चौकशी केलीत म्हणून सांगतो, तिला वाटलं गेले ते तुम्हीच.

तरी पण मानलं तुम्हाला. पिच्चर सुरू व्हायच्या आधी तुम्ही पडद्यासमोर उभे राहून सगळ्यांना बजावलंत की खोकलायचं नाही, शिंकायचं नाही, पोरं रडली तर बाहेर न्यायची, आणि मध्यंतरात कोणी उठायचं नाही. आणि कोणी उठलं नाही! एवढे आपले लोक एका ठिकाणी आणि तोंडातून शब्द नाही, असं मी मयतीतही पाहिलेलं नाही. हाशमभाई स्वतः दार लावून आतल्या बाजूला उभे राहिले. मध्यंतरानंतर मी डोळे मिटले. गाडीची शिटी झाली. गर्दीचा गलका झाला. तो गलका खाली यायला लागला. मला वाटलं, आला, आता आला.

आणि आमच्या विहीणबाईंनी हंबरडा फोडला.

मी वहिनींना दोष देत नाही. रीत आहे. भटू गेला तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दारावर येता आलं नाही. त्यानंतर भिकूची आणि त्यांची काल पहिलीच गाठ. पहिल्या गाठीला गळ्यात पडून रडायचं असतं, न रडता बाई परत गेली तर लोक वर्षानुवर्षं बोलतात. त्या बिचाऱ्या दारातच रडल्या असत्या, पण तुम्ही बोलू नका, रडू नका म्हणून दम भरलेला. त्यांनी मध्यंतरापर्यंत धरून ठेवलं हीच मोठी गोष्ट. मग त्यांना धरवेना. पदर तोंडाला लावून त्या खुर्च्या ओलांडून भिकूच्या गळ्यात पडल्या. एकीने सुरू केल्यावर बाकीच्या बायका मागे कशा राहतील? धरणगावच्या उठल्या, मग जळगावच्या उठल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "हाऊ भटूना आवाज शे!" म्हणजे आवाज तेव्हा चालू होता, आणि हे सांगायच्या नादात तोही बुडाला. मग पुरुषही रडायला लागले. हाशमभाई डोळे पुसत होते. आणि भिकू, जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, ती एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "उगी राय माय, उगी राय." सगळ्यांना गप्प करणारी त्या थिएटरात ती एकटी. नायिका रिक्षात बसून केव्हाच निघून गेली होती.

बाहेर मी तिला विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "ऐकू नही उनं, भाऊ. आणि गारठा भलता शे." बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि हिला गारठा. मला तिथे रस्त्यावर काय वाटलं ते तुम्हाला सांगतो. स्टँडवर मी आयुष्यभर दुसऱ्यांना हाका मारून ज्याच्या त्याच्या गाडीत बसवलं. आणि बहिणीला एक शब्द ऐकवता येत नाही. तीन वेळा घेऊन गेलो, दुनियाभरचे पैसे घातले, आणि तीनही वेळा ती तशीच परत आली. लाज वाटली.

म्हणून आता एक विनंती आहे आणि ती रागावून न घेता ऐकावी. हाशमभाईंना मी विचारलं होतं, तेवढा तुकडा सकाळी एकट्या भिकूला दाखवता येईल का? ते म्हणाले, पूर्वीसारखी रिळं असती तर दाखवला असता, आता पिच्चर कंपनीच्या कुलपात येतो, खेळाच्या वेळेशिवाय उघडत नाही. येत्या गुरुवारपर्यंत तो आहे. तेव्हा बुधवारच्या दुपारच्या खेळाची तीन तिकिटं कोपऱ्यातली काढून ठेवावीत. तुम्ही येऊ नये. वहिनींनी येऊ नये. भाऊबंदांना कळवू नये, ग्रुपवर टाकू नये, फ्लेक्स लावू नये. आम्ही गाडीने येऊ, पाहू आणि गाडीने परत जाऊ, तुमच्याकडे चहालाही थांबणार नाही, कारण थांबलो तर दुकानातल्या गिऱ्हाईकांना कळेल. मीही थिएटरात तोंड उघडणार नाही, कोकिळेने माझ्या तोंडावर हात ठेवायचं कबूल केलं आहे. आणि वहिनींना हे नीट समजावून सांगावं. त्या रडल्या म्हणून कोणी रागावलेलं नाही. फक्त रडणं थोडं पुढे ढकलावं, एवढंच.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्ही यांपैकी कशात बसता ते तुम्हीच ठरवून घ्यावं.

आपला,
गिरधर

ता. क. फ्लेक्स उतरवल्यावर फेकू नये. भिकूला तो हवा आहे. तुमचा भाग कापून वेगळा केला तर चालेल का असं तिने विचारलं आहे. मी तिला म्हटलं, रतिलालभाऊंना वाईट वाटणार नाही. वाटलं तर कळवू नये.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायच्या आधी कोकिळेने पत्र मागितलं (ती तसंही उघडून वाचणारच होती, म्हणून मीच वाचून दाखवलं). वाचून झाल्यावर ती पाकीट बाजूला ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. हे आमच्या घरात नेहमी होत नाही, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, सकाळी गच्चीवर दोघी कुरडया घालत होत्या तेव्हा भिकू मध्येच हात थांबवून म्हणाली, "वैनी, त्या दिन पोऱ्याले पडसं व्हयेल व्हतं. नाकमा बोलस. माले सांगं नही त्यानी." कोकिळेने विचारलं, केळीवाल्याचा आवाज तू ऐकलास कधी? तर भिकू म्हणाली, "तिन्ही डाव ऐकं." त्या ठिबकवाल्याच्या बिलात ऐकलं. माझ्या भाषणात ऐकलं. वहिनी गळ्यात पडून रडत होत्या तेव्हा पाठीवर हात फिरवता फिरवता ऐकलं. मग भाऊला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "ऐकं म्हणी सांगं, ते भाऊ परत लई जाई का?" (म्हणजे ऐकलं म्हटलं की मी तिला पुन्हा नेणार नाही, ही भीती.)

मी कोकिळेला म्हटलं, असं होणंच शक्य नाही, त्या गोंगाटात मला काही कळलं नाही तर हिला कसं कळेल? ती म्हणाली, तुम्ही जन्मभर माइकसमोर बोललात, ऐकायचं काम तुम्ही केलंय कधी? भिकूला मी यातलं काही विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नये. तिला ऐकू आलं नाही असंच आपण सगळ्यांनी धरून चालायचं.

तेव्हा वर लिहिलेली विनंती रद्द समजावी (खोडत नाही, कागद खराब होतो). तिकिटं मंगळवारची, बुधवारची आणि गुरुवारची काढावीत, सकाळ, दुपार, संध्याकाळ, जितके खेळ असतील तितकी. आमचा मुक्काम तुमच्याकडे. तुम्ही या. वहिनींना आणा, त्यांना रडायचं तर पोटभर रडू द्या. भाऊबंदांना कळवायचं तर कळवा. लाह्याही खा. भिकूला कशाचाच त्रास होत नाही, त्रास फक्त मला होत होता.

ता. क. शेवटचं. हाशमभाईंना सांगून एसी तेवढा कमी ठेवता आला तर बघावं. गारठा गारठा म्हणायची ते मला आता कळलं. जळगावात, मे महिन्यात, भरल्या थिएटरात एसी कमी करा म्हटलं तर लोक खुर्च्या फेकतील, हे मलाही समजतं. पण पोराला पडसं आहे.